रुग्णालयासाठी सुंतेचे स्टेपलर घ्यायचे म्हणतात, अन् सुचवणारे डॉक्टर कंपनीचेच ट्रेनर. समितीत काय विचारू?

पऱ्हाटीवाले गुरुजी (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेला मास्तर. साडेचार एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी अन् तूर. गेल्या वर्षी आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर मला घेतलं. मी बैठकीत बोलत नाही अन् सही सुवाच्य करतो, हीच बहुधा माझी पात्रता. आता बोलायची पाळी आली आहे, अन् बोलावं कसं ते समजून नाही राहिलं.

झालं असं. अंगणवाड्या-शाळांत तपासणीला येणाऱ्या पथकाने यंदा आमच्या भागातल्या बऱ्याच पोरांच्या कार्डावर ‘फायमोसिस’ लिहिलं. म्हणजे लघवीच्या जागेची कातडी मागे सरकत नाही. माझा नातू चार वर्षांचा, त्याच्याही कार्डावर आहे. पोरगं शू करताना कातडीचा जरासा फुगा होतो, बाकी त्याला काही त्रास नाही. पण सूनबाईने तेव्हापासून झोप सोडली.

मागच्या बैठकीत प्रस्ताव आला की शिबिर घ्यायचं अन् त्यासाठी 40 डिस्पोजेबल स्टेपलर समितीच्या निधीतून घ्यायचे. मांडला तो शहरातून आठवड्यातून एकदा येणाऱ्या सर्जनसाहेबांनी. माणूस वाईट नाही. माझ्या साळ्याचं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच केलं, हाताला गुण आहे. त्यांनी लॅपटॉपवर दाखवलं, ‘जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस’, ‘एचआयव्हीचा धोका 60 टक्क्यांनी कमी’. एक नग सगळ्यांच्या हातात फिरवला. मुठीत मावेल असा पांढरा दांडा, पुढे घंटेसारखी टोपी, मागे लाल खिटी. खिटी काढून दाबलं की गोल पातं कातडी कापतं अन् त्याच वेळी कडेने बारीक पिना बसतात. आमच्या अध्यक्षांनी तो उलटा धरून पाहिला अन् म्हणाले, “चांगला आहे.” पाच नग कंपनीने फुकट दिले आहेत, ते आधीच स्टोअरला येऊन पडले.

बाहेर चहाच्या टपरीवर कंपनीचा पोरगा भेटला. मला म्हातारा समजून त्याने माहितीपत्रक दिलं. त्यावर नागपुरातल्या प्रशिक्षण कार्यशाळेचा फोटो. हातात माईक घेऊन आमचेच सर्जनसाहेब, खाली लिहिलेलं ‘फॅकल्टी’.

अन् आता खरी गंमत. तीन दरपत्रकं जोडली आहेत, तीन वेगवेगळ्या दुकानांची. तिन्हीत ‘सर्कमसिजन’च्या स्पेलिंगमध्ये तोच एक ‘एस’ जास्त. बत्तीस वर्षं वह्या तपासल्या. एका बाकावरच्या तीन पोरांनी एकच चूक केली की मास्तराले विचारावं लागत नाही.

बैठक पुढच्या गुरुवारी आहे. साहेबांचा अपमान न करता काय विचारावं? अन् ते 60 टक्के खरे आहेत का?

कलमकसाई

गुरुजी, आधी स्पेलिंगचं. सरकारी खरेदीत तीन दरपत्रकं एकाच कॉम्प्युटरवर जन्माला येतात हे आमच्या ऑफिसातल्या पंख्यालाही माहीत आहे. त्यावर भांडू नका, ते म्हणतील टायपिंगची चूक. तिन्ही दुकानांचे जीएसटी नंबर अन् पत्ते विचारा, तेवढं पुरे.

आणि तोंडी काहीच बोलू नका. “माझा प्रश्न इतिवृत्तात घ्यावा” एवढं वाक्य म्हणायचं, मग प्रश्न विचारायचा. पुढचा माणूस उत्तर विचार करून देतो. इतिवृत्ताची प्रत नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवस.

टाके घालणारा (वर्धा)

मी सर्जन आहे. तालुक्याच्या गावी माझा छोटा दवाखाना आहे, सुंतेच्या शस्त्रक्रिया मीही करतो आणि त्याचे पैसे घेतो. विषयच तो आहे म्हणून आधी सांगून टाकलं.

60 टक्के खरे आहेत, पण ते तुमच्या तालुक्याचे नाहीत. आफ्रिकेत तीन मोठे अभ्यास झाले. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, केनियात किसुमू, युगांडात राकाई. पहिल्याचे निकाल 2005 साली आले, बाकी दोघांचे 2007 ला. सगळे स्वतःहून आलेले मोठे पुरुष. किसुमूत 18 ते 24 वयाचे, राकाईत 15 ते 49. किसुमूचा हिशेब सांगतो म्हणजे ‘टक्के’ काय असतात ते कळेल. दोन वर्षांत सुंता झालेल्या गटात शंभरी 2.1 जणांना लागण झाली, न झालेल्या गटात 4.2. म्हणजे निम्मी. तिन्ही अभ्यासांचा निष्कर्ष मिळून साधारण 60 टक्के धरतात. तेही फक्त बाईकडून पुरुषाला होणाऱ्या संसर्गाबाबत.

त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये शिफारस केली ती जिथे एचआयव्ही खूप पसरलेला आणि सुंतेचं प्रमाण कमी, अशा पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांसाठी. भारत त्या यादीत नाही. आपल्याकडे प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण साधारण 0.2 टक्के आहे. चार वर्षांच्या पोराच्या शिबिरासाठी ही स्लाइड दाखवणं म्हणजे पऱ्हाटीच्या वावरात धानाचं खत टाकणं.

उपकरणांचं. संघटनेने पुरुषांच्या सुंतेसाठी दोन उपकरणं तपासून मान्य केली, 2013 साली इस्रायली बनावटीचं प्रीपेक्स आणि 2015 साली चिनी शांगरिंग. प्रीपेक्सची कहाणी तुमच्या समितीला अवश्य सांगा. इंजेक्शन नको, टाका नको, नर्ससुद्धा बसवू शकते, असा त्याचा बोलबाला. रबरी कडं कातडीवर घट्ट बसवायचं, रक्त तोडायचं, कातडी वाळून मेली की आठवड्याने काढून टाकायची. सोय मोठीच. पण मेलेली कातडी आठवडाभर अंगावर राहते, आणि तशा जागी धनुर्वाताचे जंतू रमतात. आफ्रिकेत ही कडी बसवलेल्या काही पुरुषांना धनुर्वात झाला. मग 2016 मध्ये संघटनेला सांगावं लागलं की असलं कडं बसवायच्या आधी धनुर्वाताच्या लसी झालेल्या हव्यात. जी गोष्ट ‘फायदा’ म्हणून विकली जात होती, धोका तिच्याच पोटात होता. तुमचं स्टेपलर या दोन्हींत नाही. संघटनेने दोन कडी तपासली म्हणून स्टेपलरलाही तिचा शिक्का बसत नाही.

स्टेपलर वाईट आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या माणसात काम झटपट होतं, रक्त कमी जातं. पिना कधी आपोआप गळतात, कधी एकेक उपटाव्या लागतात, तेव्हा पेशंट माझ्याकडे येतो आणि कंपनीला नाही, मला शिव्या देतो. लहान पोरात मात्र त्याचा मोठा फायदाच उरत नाही. चार वर्षांचं लेकरू जागेपणी शांत पडून राहणार आहे का? भूल द्यावीच लागते, भूलतज्ज्ञ लागतोच. कात्री आणि विरघळणारा धागा घेऊन माझी दहा-पंधरा मिनिटं जास्त जातील, एवढंच. तेव्हा विचारा की शिबिरात भूलतज्ज्ञ कोण आहे. स्टेपलरपेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

आता नातवाचं. या वयात कातडी मागे न जाणं हे बहुतेक वेळा दुखणंच नसतं. जन्मतः ती आतल्या भागाला चिकटलेलीच असते, हळूहळू सुटते. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांवर 1968 साली प्रसिद्ध झालेला जुना अभ्यास आहे, त्यात सतरा वर्षांपर्यंत जवळजवळ सगळ्यांची सुटलेली होती. नुसता फुगा होणं, त्याला घाबरायचं कारण नाही. लघवी तुंबत असेल, वारंवार सूज-पू होत असेल, किंवा टोकाला पांढरट कडक वळ आलेला असेल, तर गोष्ट वेगळी. पांढऱ्या वळाला बहुतेक वेळा सुंता लागते. बाकीच्यांना आधी बीटामेथासोनचं, म्हणजे स्टेरॉइडचं मलम, चार ते सहा आठवडे, बहुतेक पोरांचं त्यावर भागतं. पण ते मूल तपासलेल्या डॉक्टरने लिहून दिलेलं. मेडिकलवाल्याकडून नायट्यासाठी मिळतं ते तिहेरी मलम आणून लावू नका, गावोगाव त्याने कातड्या पातळ झालेल्या पाहतो आहे. आणि सूनबाईंना सांगा, आंघोळीच्या वेळी जोर लावून कातडी मागे ओढायची नाही. ओढून ओढून चिरा पडतात, त्या भरताना वळ होतो, आणि मग खरोखर ऑपरेशन लागतं.

बॅगवाला (अकोला)

अकरा वर्षं कंपन्यांचा एमआर म्हणून डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन फिरलो, शेवटची चार सर्जिकल डिव्हाइसमध्ये. आता कृषी केंद्र टाकलं आहे, तिथेही तीच गोठ, पण निदान लेकराच्या अंगाला हात नाही.

गुरुजी, ते पाच फुकट नग म्हणजे दान नाही. पाच नगांवर डॉक्टरचा हात बसतो. हात बसला की त्याला दुसरं काही आवडत नाही. मग त्यालाच इतर डॉक्टरांना शिकवायला बोलावायचं. आमच्या भाषेत असा डॉक्टर म्हणजे केओएल, ‘की ओपिनियन लीडर’, ज्याचं बाकीचे डॉक्टर ऐकतात. एका दिवसाचं मानधन, येण्याजाण्याची गाडी, हॉटेल. सर्जनला लाच घेतली असं वाटतच नाही, कारण तो खरंच शिकवतो. आम्हालाही लाच दिली असं वाटायचं नाही. मला चार वर्षं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

दरपत्रकातला भाव पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा कमी दिसेल अन् तुमचे अध्यक्ष खूश होतील. एमआरपी ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी कादंबरी. 2018 साली औषध किंमत प्राधिकरणाने दिल्लीकडच्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, त्यात काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत नफा निघाला. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 2017 ला, हृदयाच्या स्टेंटची किंमत सरकारने बांधली, औषधी स्टेंट 29,600 रुपयांवर आला. लाख-दीड लाखाला विकणारे त्याच्या दुसऱ्या दिवशीही दुकान बंद करून नाही गेले.

पाकीट हातात घ्याल तेव्हा पहा, आयात परवाना क्रमांक, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच, मुदत. 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, परदेशी माल असेल तर हे सगळं लेबलवर लागतं. अन् एकदा वापरून फेकायचा नग पुन्हा वाफवून वापरला जाणार नाही, हे कोण बघणार तेही विचारा. 40 नगांत 60 पोरं झाली, असे चमत्कार मी पाहिले आहेत.

कलमकसाई

बॅगवाले भौ, कृषी केंद्रातल्या चमत्कारांचा वेगळा धागा काढा, आम्ही येतो.

पैनगंगाकाठ (बुलढाणा जिल्हा)

आमच्या घरात हा विषय पिढ्यांपासूनचा, म्हणून लिहितो. माझा खतना गावात येणाऱ्या खलिफाने केला होता, वस्तरा अन् राख. आठवण काढली तरी मांड्या आवळतात. माझ्या पोराचा तालुक्यातल्या सर्जनने केला, धाग्या-कात्रीने. पाच दिवसांत पोरगा अंगणात गोट्या खेळत होता. पुतण्याचा शहरात झाला. बाहेर पाटी ‘लेझर’ची, आत गेल्यावर वापरलं हेच स्टेपलर. भाऊ बिलाबद्दल अजून बोलत नाही. शेवटची पिन अठराव्या दिवशी निघाली, ती वहिनीने काडेपेटीत जपून ठेवली आहे, का ते तिलाच माहीत.

पण गुरुजी, मला दुसरंच सांगायचं आहे. तुमच्या यादीतली पोरं बहुतेक हिंदू, आदिवासी, बौद्ध घरची असतील. आईबापांना ‘छोटंसं ऑपरेशन आहे’ म्हणून नेलं, घरी आल्यावर त्यांनी पाहिलं की पोराची सुंता झाली, तर गावात काय पेटेल याचा विचार त्या लॅपटॉपवाल्यांनी केला आहे का? अन् पेटल्यावर बोट कोणाकडे जाईल ते तुम्हालाही ठाऊक, मलाही ठाऊक. तेव्हा कंपनी कोणाची ते विचाराच. पण संमतीच्या कागदावर मराठीत साफ शब्दांत लिहिलेलं हवं, काय कापणार, किती कापणार, अन् न कापता मलमाने होतं का ते आधी पाहिलं की नाही.

दुपारची ओपीडी

आशा आहे मी. यादी आमच्याकडूनच गोळा करतात. मला फोन आला, “ताई, शिबिराले तुमच्या गावातून आठ पाहिजे.” आठ कुठून आले, तर 40 भागिले पाच गावं. कार्डावर नाव लिहिणारे वेगळे, ऑपरेशन ठरवणारे वेगळे, मधल्या मधी पोराला कोणी पुन्हा तपासलंच नाही. सर, हे पण विचारा.

टाके घालणारा (वर्धा)

ताईंचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. आधी नग ठरले, मग पोरं. उलटं व्हायला हवं होतं.

नियमांचं गुरुजींनी विचारलं नाही तरी सांगतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत. पेशंट पाठवण्यासाठी किंवा मिळवून देण्यासाठी कमिशन घ्यायचं नाही, हे त्यात पहिल्यापासून होतं. 2009 च्या डिसेंबरात कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार, रोख घेऊ नये हे कलम घातलं. 2023 साली नवे कडक नियम आले आणि तीन आठवड्यांत स्थगितही झाले, म्हणून जुनेच चालू. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषध कंपन्यांना सांगितलं की डॉक्टरांना वाटलेल्या भेटींचा खर्च आयकरात वजा करता येणार नाही. महाराष्ट्रात 2017 ला कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे पेशंट पाठवून कमिशन खाण्याविरुद्ध, कायद्याचा मसुदा झाला, मसुदाच राहिला.

पण तुमच्या बैठकीत कलमं फेकू नका. सर्जनला चोर ठरवायची गरजच नाही. हितसंबंध असणं हा गुन्हा नव्हे. ज्याचा संबंध आहे त्याने तो आधी सांगावा आणि निर्णय होताना बाजूला बसावं, बस्स. जागतिक आरोग्य संघटनाही आपल्या समित्यांवरच्या तज्ज्ञांकडून हितसंबंधांचा फॉर्म भरून घेते. तुमच्या समितीने एक कोरा कागद फिरवला तरी चालेल.

आणि रागावू नका, पहिली सही तुमची असावी. तुमचा नातू त्या यादीत आहे.

पऱ्हाटीवाले गुरुजी

डॉक्टरसाहेब, हे माझ्या ध्यानातच नाही आलं. दोन दिवस दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधून राहिलो होतो.

पऱ्हाटीवाले गुरुजी (आठ दिवसांनी)

बैठक झाली. थोडं उशिरा लिहीत आहे, मध्ये डवरणी होती.

मी उभा राहिलो अन् म्हणालो, माझा प्रश्न इतिवृत्तात घ्यावा. अध्यक्षांनी चष्मा काढला. मी सांगितलं की माझा नातू यादीत आहे म्हणून या विषयात मी मत देणार नाही, तसं लिहून घ्या. लिपिकाने लिहिलं. मग मी म्हणालो, “आता ज्याचा ज्याचा काही संबंध असंल, त्यानं आपापलं सांगावं. कंपनीशी, दुकानाशी, यादीशी. मंग पुढची गोठ.”

पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. अध्यक्ष म्हणाले, “गुरुजी, तुम्ही काहून कामात खोडा घालून राहिले?” पण सर्जनसाहेबांनीच हात वर केला. म्हणाले, मी त्या कंपनीच्या कार्यशाळेत शिकवतो, मानधन घेतो, यात लपवण्यासारखं काय आहे, कोणी विचारलंच नव्हतं. आवाज चढला नव्हता, कान मात्र लाल. लिपिकाने तेही लिहिलं. त्यानंतर साहेब स्वतःच “मी बाहेर चहा घेतो” म्हणून उठले. मला बरं नाही वाटलं, साळ्याच्या हर्नियाची आठवण झाली. पण बसून राहिलो.

भूलतज्ज्ञाचं विचारलं तर कोणाकडेच उत्तर नव्हतं. जीएसटी नंबर तीनपैकी एकाच दरपत्रकावर निघाला. आशाताईंचा ‘40 भागिले पाच’ सांगितला तेव्हा नर्सबाई हसल्या अन् मग गप्प झाल्या. ठरलं असं की खरेदी तूर्तास नाही. यादीतली सगळी पोरं आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासायची. ज्यांना खरंच लागेल त्यांना भुलीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. संमतीचा मराठी कागद मी लिहून द्यायचा, हे काम माझ्याच गळ्यात पडलं. पैनगंगाकाठ, तुमचे शब्द जसेच्या तसे घेतले आहेत.

नातवाला बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं, वळ-बिळ काही नाही. मलम लिहून दिलं आहे, सूनबाई मोबाइलात गजर लावून लावते.

सर्जनसाहेब निघताना गाडीपाशी भेटले. म्हणाले, “गुरुजी, मोठ्या माणसांसाठी ते यंत्र खरंच चांगलं आहे.” मी म्हणालो, असंल साहेब, मग ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकू द्या. हसले. येणं बंद नाही केलं त्यांनी, ह्या मंगळवारी ओपीडीत होते.

आता एक राहिलं. ते फुकटचे पाच नग स्टोअरमध्येच पडून आहेत. स्टोअरवाला म्हणतो बिल नाही, चलन नाही, तर स्टॉक रजिस्टरला चढवू कसे. कंपनीचा पोरगा फोन उचलत नाही. कलमकसाई, असा माल कोणत्या कॉलमात जातो?